कादंबऱ्यांत ठेवलेलं धोरण

मी रंधा मारलेल्या खुर्चीवर बसलेले आदरणीय अध्यक्ष, अर्थात आपले प्राचार्य. मी जोडलेल्या टेबलामागे स्थानापन्न झालेले प्रमुख पाहुणे. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या ग्रंथालयशास्त्र विभागाच्या बाई. सर्व प्राध्यापक, विद्यार्थी, आणि खुर्ची न मिळाल्यामुळे दाराशी उभी असलेली मंडळी,

ही फुशारकी समजू नका. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे छापायला पदवी नव्हती, म्हणून हातचं काम सांगितलं. ग्रंथालयातली मांडणी, फिरती शिडी, पुस्तकांची ढकलगाडी आणि पुस्तकांच्या नोंदींच्या कार्डांचं कपाट हेही माझंच. समोरचा हा भाषणाचा स्टँड मात्र बाजारातून आणलाय. डुगडुगतोय, ते आपल्याला दिसतंच आहे.

बाईंची आणि माझी ओळख भांडणातून झाली. पहिली मांडणी उभी केली, तेव्हा बाई एक दांडगा नकाशासंग्रह घेऊन आल्या, फळ्यांमध्ये सरकवून पाहिला आणि म्हणाल्या, “मिस्त्री, बोटभर कमी पडतंय.” मी म्हटलं, पुस्तकच बोटभर जास्त आहे. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, “पुस्तक छापून झालंय. फळी अजून हलवता येईल.” हलवली. काय करणार? पण त्या दिवसापासून दुरुस्तीची कामं मी नेमकी बाईंच्या तासाला काढू लागलो. कार्डांच्या खणांच्या कडा घासत घासत मी वर्गीकरण शिकलो. ते खण फारसे बिघडलेले नसायचे, हे आता सांगायला हरकत नाही.

बाईंची एक रीत होती. दर सोमवारी सकाळी त्या एक पुस्तक मुद्दाम चुकीच्या जागी ठेवायच्या आणि विद्यार्थ्यांना शोधायला लावायच्या. पण उगाच कुठेही ठेवायचं नाही. चुकीलाही कारण हवं. घाईतला वाचक दाराजवळ टाकून जातो, ठेंगणा माणूस खालच्या फळीवर ठेवतो, आणि ज्याला पुस्तक पुन्हा स्वतःलाच हवं असतं तो ते जाड ग्रंथांच्या मागे दडवतो. पुस्तक कुठे आहे हे विचारू नका, ते कोणाच्या हातात होतं ते विचारा, असं बाई सांगायच्या.

मग राष्ट्रीय शिक्षणाचं नवं धोरण आलं. धोरण चांगलंच असणार. एवढ्या विद्वानांनी लिहिलंय आणि आम्ही सगळ्यांनी न वाचता त्यावर चर्चा केलीय. आपल्याकडे त्याचा अर्थ असा निघाला की ग्रंथालयशास्त्र हा विभाग संगणक विभागात विसर्जित करावा. आमचे संगणकवाले सर, हे काय, पहिल्या रांगेत बसलेत, सभेत म्हणाले, “पुस्तक सापडायला आता शास्त्र कशाला? यंत्र सांगतं की.” निर्णय तपासणी समितीवर सोपवला गेला. बाईंची नोकरी संपतच आली होती, त्यांना स्वतःची चिंता नव्हती. पण आयुष्यभर शिकवलेला विषय आपल्या पाठोपाठ दाराबाहेर निघावा, हे कोणाला सोसवेल?

समिती मंगळवारी यायची होती, ती सोमवारीच उगवली. समितीच्या अध्यक्षांनी पहिलीच मागणी केली ती त्या धोरणाच्या छापील प्रतीची. यंत्रावर पाहिलं: ‘उपलब्ध’. फळीवर पाहिलं: रिकामी जागा. मी शिडीवर होतो, तिथून मला बाई हसताना दिसल्या. सकाळी त्यांनीच ते धोरण कादंबऱ्यांत नेऊन ठेवलं होतं. कारण? जाड आहे, आणि लोक मध्येच सोडून देतात. बाई ऐटीत कादंबऱ्यांच्या कपाटाकडे गेल्या आणि थांबल्या. तिथेही नव्हतं.

त्यांचं हसू मावळलं. लपवलेलं पुस्तक आता खरंच हरवलं होतं, आणि तेही समितीसमोर. संगणकवाले सर भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभे होते. समितीचे अध्यक्ष घड्याळ बघू लागले. मुली कपाटांमधून धावत सुटल्या. चष्मेवाली एक विद्यार्थिनी मात्र जागच्या जागी उभी राहिली. आज धोरण सगळ्यात जास्त कोणाला हवं होतं, याचा तिने विचार केला, सरांच्या हातात नेहमीचा फोन नाही हे पाहिलं आणि थेट त्यांच्यापाशी गेली.

“सर, तुमचा फोन कुठाय?”

“चार्जिंगला लावलाय. का गं?”

“कशावर ठेवलाय?”

खिडकीखाली प्लगजवळच्या कट्ट्यावर सरांचा फोन राष्ट्रीय धोरणावर निवांत पहुडला होता. झालं असं की, सरांना सकाळी ते कादंबऱ्यांत सापडलं, समितीला दाखवायचे मुद्दे काढायला त्यांनी उचललं, आणि फोन टेकवून विसरले. संगणक विभागाचे प्रमुख भल्या सकाळी कादंबऱ्यांच्या कपाटाशी काय करत होते, हे समितीने विचारलं नाही. मीही विचारणार नाही, सर. आज बाईंचा दिवस आहे.

सर तेव्हा सगळ्यांत आधी हसले, हे त्यांचं मोठेपण. पुढे समितीसमोर तेच म्हणाले की हा विषय राहू द्या, माझ्या विभागाची मुलंही याला बसतील. विभाग राहिला. एक खोली गेली, पण विभाग राहिला. शिवाय कारागिरालाही वर्गावर शिकवू देण्याची मुभा त्याच धोरणात निघाली, आणि बाईंनी ग्रंथालयातल्या बांधणी-दुरुस्तीच्या तासाला माझं नाव सुचवलं. म्हणजे ज्या धोरणाला मी वर्षभर नावं ठेवली, त्यानेच मला मास्तर केलं.

गेलेल्या खोलीत कार्डांचं कपाट होतं. प्राचार्य म्हणाले, तुम्ही बनवलंय, तुम्हीच न्या. त्या खोलीत होणाऱ्या नव्या अभ्यासिकेची सजावट करणाऱ्या बाईंना ते फार आवडलं. त्यांना ते एका हॉटेलच्या दर्शनी भागात ठेवायला हवं होतं. मी विचारलं, कार्डांचं काय? त्या म्हणाल्या, ती फेकून द्या ना. आपल्या बाई शेजारीच होत्या. त्यांनी एक खण तेवढा ओढून पाहिला, आणि त्यांच्याच अक्षरातल्या कार्डांवरून बोट फिरवून पुन्हा लावला. हलकासा आवाजही झाला नाही. “मिस्त्री, हे मात्र बोटभरही चुकलं नाही,” म्हणाल्या.

ते कपाट आता आमच्या तासाच्या वर्गात आहे, कार्डांसकट. बाई, सोमवारी कधीही या. पुस्तक लपवायला तुमच्याइतका हात अजून कोणाचा बसलेला नाही.

आपण ऐकून घेतलंत, ऋणी आहे. बोलण्यात कुठे एखादा कंगोरा राहिला असेल तर घासून घ्या, मनात ठेवू नका. एक दुरुस्ती तेवढी करून बसतो, कारण चहाच्या टेबलावर आकडा चुकीचा फिरतोय. त्या कपाटाचे मला लाखभर देऊ केले होते, हे खरं नाही. एक लाख ऐंशी हजार देऊ केले होते. मी नाही म्हटलं.