सोडियम एकशे चौदा

म्हातारीने स्वेटरचं दुसरं बटण तिसऱ्या काजात घातलं, काढलं आणि पुन्हा तिथेच घातलं. रिपोर्ट देणाऱ्या बाई काचेआडून बघत होत्या. म्हातारीचा मुलगा आणि मोठी मुलगी समोरच उभे होते.

"ताई, एकशे चौदा म्हणजे फार कमी?"

"एकशे पस्तीसच्या वर हवं, बाळ्या. इतकं उतरलं की झटके येतात, असं डॉक्टर म्हणाले."

"मग घरी नेऊन मीठपाणी पाजू."

"शहाणाच आहेस. एकदम वाढवलं तर मेंदूला इजा होते. इथेच ठेवायचंय."

"आई, मी कोण, सांग बरं."

"मीटर बघायला आलात ना? जिन्याखाली आहे."

"ताई, काल ओळखलं होतं गं तिने मला."

"हात धर तिचा."

"डॉक्टर खोदून खोदून विचारत होते, नवीन गोळी काही सुरू केली का. मी नाही म्हटलं. तू तर शेजारीच होतीस."

"होते."

"मग अशी का बघतेस?"

"पाय सुजले होते रे तिचे. सासूबाईंच्या लघवीच्या गोळ्या उरल्या होत्या. तीन आठवडे रोज एक देतेय."

"ताई..."

"तू बस तिच्याजवळ. मी आत जाऊन डॉक्टरांना सांगते."