फाट्यावरची माती

— नाई, थांब. आता काय म्हन्लं तू? गोड असते? गोड! "आजी, तिले नुसती घरची आठवन येऊन राह्यली, ते तं गोड असते, मलेबी पुन्यात येते" — असंच म्हन्लं ना? आन वरून तो इंग्रजी शब्द सांगतला, नॉस्टॅल्जिया का काय तो, जसा काई डॉक्टरच आला तपासाले. आतापरेंत मी तुले पाव्हने, पाव्हने करत होती — नातसुनेचा भाऊ, सोयरा मानूस, म्हन्लं मान ठेवा. आता नाई ठेवत. बस खाली, हर्षल. खुर्चीवर नाई, अथी ओट्यावर, माह्यासमोर. मान वर करून भांडनं मले आता होत नाई. आन चहाची वाट पाहू नको. या घरी आज तुले चहा नाई.

हे आनलं म्हने बहिनीसाठी. पाह्यलं मी. फोटोची पाटी. वायर लावली का आपोआप फोटो पालटते, मांगून गानं वाजते — बुलढान्याचं घर, अंगनातला झोका, बाप चष्मा लावून पेपर वाचून राह्यला, माय गच्चीवर पापड टाकून राह्यली. लय सुंदर. आन हे पाहून प्राची जेवीन? तुले माईत आहे का, तुही बहीन दोन टाइम सैपाक करते, सगळ्यायले वाढते, हसून वाढते हो, आन मंग आपलं ताट घेऊन मांगच्या दारी जाते आन म्हशीले टाकते. मी पाह्यते ना. म्हैस फुगली आन पोट्टी वाळली. हे गोड आहे? मंग खाय ना तू, घे, खाय.

याले खंत म्हन्तात. टीव्हीवर पुढारी व्यक्त करते ते नाई — तो खंत व्यक्त करते आन लगेच काजू खाते. आमच्या वक्ताची खंत रोग होता, रोग. चिखलीच्या बाजारातून बैल आनला का एखांदा कुटाराले तोंडच लावे ना. दावनीले उभा, आन तोंड ज्या गावाहून आला त्या गावाकडं. फिरवून बांधा, सकाळी पुन्हा तिकडंच. डोळ्याले धारा. मंग माहा सासरा त्याच्या जुन्या धन्याकडं मानूस धाडे, ज्या कोठ्यात तो बैल बांधत त्या कोठ्यातली मूठभर माती मांगवे आन पान्यात कालवून पाजे. बैल खाले लागे का? लागे कधी. कधी मरे बी. आन घरात नवी सून जेवेनाशी झाली तं तिलेबी हाच इलाज — हसू नको! तवा कोनी हसत नव्हतं. देवी निंघालेल्या घरात बोलतात तसे लोक हळू बोलत. मंग तुह्या मायच्या वक्ताले त्याचे नखरे झाले — एष्टी आहे, फोन आहे, आता कायची खंत? आन आता तुमी तं रोगाची मिठाईच केली बे. रोडवरच्या हाटेलात बैलगाडीचं चाक टांगते, कंदील टांगते, अन् लोक ठेच्याचे फोटो काढून म्हन्तात, अहाहा, ते जुने दिवस. कोनाचे दिवस? त्या कंदिलाखाली कोन बसून रडत होतं, कोनी इचारलं?

माहं कायले इचारतं? माहं काई नाई. मी परकर नेसत होती तवा अथी आली, माहेर जालन्याच्या अंगाले. पह्यली पंचमी आली. पंचमीले पोरीले न्यायले भाऊ येते, मुऱ्हाळी — तो आल्याबिगर पोरीनं घर सोडाचं नाई. आन नवऱ्यानं नेऊन घातली तं लोक म्हन्तात, टाकली. आजबी म्हन्तात, समजलं? म्हून माहा नातू हरिओम प्राचीले गाडीवर बसवून तुमच्या घरी आनून सोडत नाई. परवा माह्या पायाशी बसला, म्हने, आजी, मी नेली तं अख्खं गाव म्हनीन बायको टाकून आला. मुका बैल आहे तो, पन तेवढं बोलला. तं — माह्या त्या पंचमीले गल्लीतल्या सगळ्या सुनायचे भाऊ आले. माहा नाई. मी जेवन सोडलं. रुसून नाई बापू, घासच खाली उतरे ना. सासऱ्यानं माह्या पापन्या उलट्या करून पाह्यल्या, ढोराच्या पाह्यतात तशा, आन म्हने, पोरीनं खंत घेतली. निरोप धाडला: भावानं यावं, नाई जमलं तं माती तरी द्यावी.

आन आला ना वामनराव! माहा सख्खा मोठा भाऊ. फाट्यापरेंत आला. तथी चहाच्या टपरीवाल्याच्या हाती फडक्याची पुरचुंडी देल्ली, म्हने मंजुळेच्या सासरी पोचव, आन आल्या पावली दुसऱ्या एष्टीनं वापस. गावात काऊन नाई आला? हे तू मले इचारतं? तुले नाई तं कोनाले माईत राहीन! बहीन दिसली का गळ्यात पडते. गळ्यात पडली का न्या लागते. आन घरी — घरी काई ना काई असतेच. तुमच्या घरी रंगकाम होतं म्हने पंचमीले. वाळला का रंग? का अजून वलाच आहे?

सासऱ्यानं तांब्यात माती कालवली, माह्या तोंडाले लावली. पह्यल्या घोटातच मी ओळखली. त्यात चहाचा चोथा होता. उकळून फेकलेला चोथा, दातात आला. आमच्या घरी तवा चहा शिजतच नव्हता, माहा बाप चहाले दारू म्हने. माती घरून आनलीच नव्हती त्यानं! इसरला. फाट्यावर उतरला, मंग आठवलं, आन टपरीच्या मांगची दोन मुठी खरडून बांधली. मी काई बोलली नाई. पूर्न तांब्या पेली, उठली, चुलीपाशी जाऊन भाकर खाल्ली. सासरा गावभर सांगत फिरे — पाहा, माती कशी लागू पडली! कायची माती? ज्याले फाट्यापासून बहिनीपरेंत चालनं होत नाई त्याची वाट कोन पाह्यते? त्या दिवशी माहं वाट पाहनं संपलं. वाट संपली का मानूस जेवते. त्याले लोक बरं होनं म्हन्तात.

आता म्हतारा झाला तो. पोराच्या मोबाइलवर तोंड दाखवते आन रडते, मंजुळे, आपली चिंच आठवते का वं, आपन कसे खेळत होतो. त्याले गोड लागते, तुह्यासारखं. मी म्हन्ते, आवाज येत नाई. येते आवाज. चांगला येते.

काय? मी अथीच काऊन बसते दिवसभर? हवा लागते म्हून. फाटा दिसते तं दिसते, मी काई पाह्यत नाई तिकडं. एष्टी थांबली का मान वर होते, ते आपलं वयाचं आहे, मानेले सवय आहे — तू माह्या मानेचं सोड. तुह्या बहिनीचं बोल.

आन तुले फोन प्राचीनं नाई केला. शेजारच्या पूनमले नंबर लावाले सांगतला, बोलली मी. ताप-बिप काई नाई तिले. ताप म्हन्लं म्हून तू गाडी काढली; खंत म्हन्ली असती तं पाटी कुरिअरनं आली असती. काय पाह्यतं माह्याकडं? हाव, खोटं बोलली. पुन्हा बोलीन. तिचे कपडे मी पिशवीत भरून ठेवले, दान्याच्या कोठीमांगं आहे पिशवी. माही सून पुष्पांजली शेडनेटात गेली, बियान्याच्या मिरचीच्या फुलायले हातानं पराग लावाले. ती येयाच्या आत निंघा, तिच्याशी मी पाहून घेईन. वाईट नाई ती. म्हन्ते, राहू द्या बाई, सवय होईन पोरीले. होते ना सवय! मले झाली. पाह्य मले नीट — अशी होते.

उठ. पाय धू, तोंड धू, आताच आल्यासारखा दिस. ती म्हशीपाशी आहे, येतेच आता. इचारीन, काऊन आला दादा? तवा ताप नाई, फोटो नाई, माहं नाव तं तोंडातून निंघालंच नाई पायजे. म्हनजो, तुले न्यायले आलो. मनात नसन तरी म्हन. आन किती दिवस ठेवाची ते तिले इचारजो, मले नाई, तुह्या मायले नाई. मंग मले फोनबी करू नको तू. तुहं तोंड पाहाची हौस नाई मले —

चूप. आली.

ये वं माय, ये. हात पूस. पाह्य तं कोन आलं? घरी तुह्यावाचून गमत नाई म्हने कोनाले, तुहा भाऊ तुले न्यायले आला.

बोल ना बे!