शिवी दिली की थांबणारी चांदणी

माझ्या तोंडानं माझं काय नुकसान केलं ते सांगतो. चांदणी घोडी शिंगरू होती तेव्हापासून माझ्याकडे. मी शाळा सोडली अन् तिलेच शिकवत बसलो. ती उधळली की मी शिवी हाणायचो अन् लगाम ओढायचो. शेवटी नुसती शिवी ऐकली तरी ती थांबायला लागली.

अमळनेरकडं जत्रेत शर्यत होती. चांदणी सगळ्यांच्या पुढं, झेंडा वीस पावलांवर. मागून पारोळ्याचा सुपडू ओरडला, "भाऊ, गाढव चांगलं पळतंय तुझं."

माझं डोकं फिरलं. वळून त्याले कचकचीत शिवी दिली. चांदणी जागीच थांबली अन् मी तिच्या मानेवरून मातीत. सुपडू जिंकला.

मी वडलांना म्हटलं, "आबा, इले काहीच येत नही. इकून टाका."

आबा तिचा घाम पुसत म्हणाले, "घोडी सगळं शिकली शे. तूच बाकी शे."

यंदाच्या शर्यतीत तोंडाले रुमाल बांधून बसलो. सुपडू परत गाढव म्हणाला. ऐकून घेतलं. झेंडा आधी आम्ही ओलांडला. मग रुमाल सोडला अन् वर्षभर राखून ठेवलेली शिवी त्याले दिली.

चांदणी लगेच थांबली. लगाम ओढावाच लागला नाही.