म्या उपटलेलं देवधान

तलावातलं देवधान म्या उपटलं. दुसऱ्या कोनी नाई, म्याच, हे दोन हात लावून. आन उपटून झाल्यावर पाळीवर उभा राहून टाळ्याबी म्याच वाजवल्या.

आमचं गाव नाकाडोंगरीच्याबी पलीकडं, जिल्ह्याच्या पार उत्तरेले, पुढं जंगल आन जंगलाले लागून हा तलाव. एसटी दिवसातून एकदा येते, तेबी तिच्या मनात आलं तं. आमी ढिवर. बापानं डोंगा दिला, जाळं दिलं, अक्कल द्याची राहून गेली. काठानं गुडघाभर पाण्यात देवधान उगवे, धानासारखंच, पन लांब कुसळाचं, कोनी न पेरलेलं. त्यात मरळ अंडी घाले, पाणकोंबड्या पिलं काढत, आन माही बायको सेवंता त्याचे दाणे गोळा करे. काहून, तं ऋषिपंचमीच्या उपासाले बायांना बैलाच्या मेहनतीचं चालत नाई, नांगर न लागलेलंच पायजे. देवानं पेरलं म्हनून देवधान.

मंग काय झालं, मी मासेमार सोसायटीचा अध्यक्ष झालो. काय सांगू तुमाले, अध्यक्ष झाला का मानसाले दुसऱ्याचं ऐकू येत नाई. जाळं देवधानात अडके, फाटे. मी म्हटलं, हा कचरा काढू, गवत्या मासे सोडू, ते उरलंसुरलं खाऊन टाकतीन. सेवंता म्हने, अजी, मासोळीचं बाळंतघर हाय ते, कायले मोडता? मी म्हटलं, तुले तुह्या उपासाची पडली हाय, मले तलाव चालवाचा हाय. सोसायटीतले सारे हासले. मीबी हासलो, सगळ्यात मोठ्यानं.

गवत्यानं काठ असा साफ केला का न्हावीबी तशी हजामत करनार नाई. दोन-तीन वर्सं जाळं भरून निघे. मंग मरळ गेली, बोटरी मासोळी गेली, पाणकोंबड्या गेल्या, सकाळी काठावर गेलं का आपल्याच खोकल्याचा आवाज. पाणी नुसतं पाणी राहिलं. सेवंता मडक्यातलं जुनं देवधान दरसाल चिमूट चिमूट काढे. ते सरलं आन त्याच सालात तिनं अंथरून धरलं.

पंचमी जवळ आली तं म्हने, अजी, मूठभर देवधान आना, बाकी काई मांगत नाई. मी आजूबाजूचे तलाव पालथे घातले, एसटीनं भंडाऱ्याले गेलो, तिथून पवनीले. बाजारातली म्हातारी म्हने, बाबू, ते आता कोन इकते? मंग म्या काय केलं, लाल तांदूळ घेतला आन घरी येऊन सांगलं, हे घे तुहं देवधान. तिनं शिजवलेला एक दाणा दाताखाली धरला. म्हने, हे नांगराचं हाय. मले फसवता तं फसवा, ऋषीले कायले फसवून राहिले? आन ताट सरकवलं. पाण्यावर उपास काढला. पित्तरांच्या दिवसात गेली. ते ताट, बाप्पा, आजबी मी जेवाले बसलो का समोर येते.

अध्यक्षपन सोडलं. गवत्या काढून काढून संपवला. दूरच्या एका बोडीवरच्या, म्हंजे लहान तळ्यावरच्या, म्हातारीजवळून मूठभर बी मांगून आनलं आन काठाच्या चिखलात दाबलं. एकाच जागी उगवलं. यंदा लोंब्या आल्या, मी रोज डोंगा घालून पाहाले जाऊन राहिलो, लेकराच्या पाळण्याकडं जावं तसा. देवधान पिकलं का दाणा टपटप पाण्यात गळते, म्हनून बाया आधीच लोंब्या एकमेकींत गुंतवून गाठी मारतेत. सेवंता मारे तशाच म्याबी मारल्या. एक दाणा गळू नाई दिला. वाटीभर झालं. सारं शिजवलं, तिच्या फोटोपुढं ठेवलं, आन म्हटलं, हे घे, आता नांगराचं नाई.

तिची धाकटी बहीन गंगा आली होती. तिनं वाटी पाहिली, तलावावर जाऊन काठ पाहून आली, मले इचारलं, भाऊजी, बियाले काय ठेवलं? मी म्हटलं, बियाले?

ती म्हने, गाठ खानारा मारते, पेरनाऱ्यानं दाणा गळू द्याचा असते. आता तुमी तलावाचं भलं करनं सोडा, मंग तो सुधरन.