उलटा शिक्का

किल्ल्याच्या दाराशी, पाहुण्यांनी आपापल्या वहीत किल्ल्याचा शिक्का मारून घ्यायच्या टेबलामागे बसलेल्या मित्सुएला रांगेतलं सगळं बोलणं ऐकू येई. आज एक बाप, त्याची म्हातारी आई आणि सात वर्षांची लेक पुढे आली.

"बाबा, वर जायचं ना?"

"शिक्का मारला की निघायचं, नागी. अजून दोन किल्ले उरकायचेत."

"पण आपण हा पाहिलाच नाही!"

"वहीत शिक्का आला म्हणजे पाहिला."

"तोमोया, तुझ्या बाबांनी मला इथं आणलं होतं रे. अख्खा दिवस वरच्या खिडकीत बसलो होतो आम्ही."

"मग त्यांचा शिक्का कुठाय, आई?"

"वहीच नव्हती. नुसतेच आलो होतो."

"घ्या! म्हणजे आल्याचा पुरावाच नाही."

"बरं बाबा. आण ती वही, मी मारते."

म्हातारीनं चष्मा लावला, शिक्क्यावरची 'वरची बाजू' ही खूण नीट वाचली, शिक्का हातात सावकाश फिरवला आणि दाबला.

"आई! उलटा मारलास! फुकट गेला ना हा किल्ला!"

"अगंबाई, खरंच की! चल गं नागी, फुकट गेलाच आहे, तर बघून तरी येऊ."