लेबल खाली

नाही नाही, डिस्क उलटी ठेवा — लेबल खाली. हां, अशी. काही नाही हो, सवय आहे माझी, वरची बाजू नाजूक असते म्हणून — तसं काही नसतं खरं तर, पण असू दे, लेबल खालीच राहू दे. बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय लंगडा आहे, इकडे बसा. आणि मघाशी काय म्हणालात, पुन्हा एकदा लावून बघू का? ताई, हात जोडतो, आता लावायची नाही. घरी किती वेळा लावलीत? नऊ? खरं सांगा. बरं, पंधरा तर पंधरा. रागावत नाहीये मी. सगळेच लावतात. टकटक ऐकू येते, वाटतं या खेपेला सुरू होईल, आणि माणूस परत बटण दाबतो. दाबणारच. मी तरी काय वेगळं केलं — ते जाऊ दे.

आत काय होतं, सांगू? आत एक गोल प्लेट असते, आरशासारखी — खरंच आरशासारखी, तोंड दिसतं तिच्यात — ती सेकंदाला नव्वद फेऱ्या मारते. तिच्यावर ती वाचणारं एक हेड असतं, तिळापेक्षा बारीक. ते प्लेटला टेकत नाही, टेकायचं नसतंच. हवेवर तरंगतं, इतक्या कमी अंतरावर की मधून धुराचा कण जायचा म्हटला तरी अडकेल. वर्षानुवर्षं तरंगतं बिचारं, कुरकुर नाही. मग एक दिवस डिस्क टेबलावरून पडते, नाहीतर तिचं वयच होतं, आणि हेड बिघडतं. आता ही टकटक म्हणजे काय — हेड प्लेटवर जातं, आपण कुठे आहोत त्याच्या खुणा शोधतं, सापडत नाहीत, माघारी येतं, टक् — परत जातं, परत शोधतं, परत टक्. दिवे गेल्यावर आपण आपल्याच घरात भिंत चाचपतो ना, तसं. आणि अशात ते प्लेटला टेकलं की खरवडतं. प्लेटवर जो थर असतो तो केसाच्या हजाराव्या हिश्शाइतकाही नसेल, आणि जे काही आहे ते त्या थरातच. खाली नुसती काच. खरवडलं ते गेलं. ते कुठे कोपऱ्यात जाऊन लपत नाही, ताई. त्याची पूड होते. काळी, काजळासारखी. आत हवा गाळायला एक जाळी असते, बोटाच्या पेराएवढी, तिच्यावर जाऊन बसते ती पूड.

घाबरू नका, तुमचीत इतकं झालं नसेल. आवाजावरून वाटतं, प्लेट अजून धड आहे. मी हेड बदलीन. दुसऱ्या तसल्याच डिस्कचं काढून हिच्यात बसवायचं — पण ते परक्या घरात आलेलं हेड, ते किती टिकेल हे कुणी सांगू शकत नाही. कधी दोन दिवस टिकतं, कधी पाच मिनिटं. म्हणून ही चिठ्ठी. माझ्याकडे प्रत्येकाला ही चिठ्ठी भरावी लागते, एकच ओळ आहे तिच्यात — पहिलं काय काढू. तुम्ही लिहिलंय, सगळं. सगळे हेच लिहितात. खोडा ते. एक गोष्ट लिहा. उद्या हेडनं सहा मिनिटांत मान टाकली तर त्या सहा मिनिटांत काय हातात आलेलं हवंय, ते लिहा.

फोटो? वडिलांचे? लिहा की, माझं काय जातं. पण फोटो कुणा ना कुणाकडे असतात हो. मावशीकडे असतात, शेजाऱ्यांकडे असतात, कुणाच्या तरी लग्नात मागच्या रांगेत उभे असतात वडील. आवाज मात्र कुणी जपून ठेवत नाही. माणूस गेल्यावर पहिला आवाज पुसला जातो डोक्यातून, चेहरा मागाहून. आमचं तसंच झालं — आम्हाला वाटलं होतं, पोरीचा आवाज काय, तो तर कानातच आहे.

मुलगी होती. नऊ वर्षांची. दर रविवारी बातम्या द्यायची ती, घराच्या. माझा मोबाइल समोर उभा करायची, केस विंचरून बसायची, आणि — आजच्या ठळक बातम्या, बाबांनी पुन्हा चहा सांडला, आईचं म्हणणं की तिनं काही पाहिलं नाही. हवामान — न्हाणीघरात पाणी साचण्याची शक्यता. असे त्रेचाळीस रविवार होते. सगळे एका डिस्कवर. दुसरीकडे कुठे ठेवले नव्हते. येईल त्याला सांगतो मी, दोन ठिकाणी ठेवा, दोन ठिकाणी ठेवा — हसू नका. हसलात तरी चालेल म्हणा.

ती गेल्यावर चार महिन्यांनी डिस्क टकटक करायला लागली. बायको म्हणाली, तुझ्या हातचं काम आहे, तू काढशील. मी हेड बदललं. इथेच, याच टेबलावर. आणि चिठ्ठी भरली नाही. स्वतःची चिठ्ठी कोण भरतं? डिस्क लागली, नावं दिसायला लागली, रविवार एक, रविवार दोन, अशी ओळीनं. आणि मी — मी ते उघडले नाहीत, ताई. त्यांच्याखाली हॉस्पिटलचं फोल्डर होतं, स्कॅनचं. ते आधी घेतलं.

का म्हणजे? पहिला स्कॅन झाला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, मोठ्या ठिकाणी दाखवून घ्या. बायको निघायलाच बसली होती, पिशवी भरून. मी म्हटलं, थांबू दोन आठवडे, परीक्षा होऊ दे पोरीची. मी म्हटलं. मला बघायचं होतं, त्या पहिल्या स्कॅनमध्ये ते होतं की नव्हतं. नसतं तर मी सुटलो असतो. बाकी काही नाही, मला सुटायचं होतं. दोनशे चौदा चित्रं उतरली. सहा मिनिटं लागली. पहिल्या स्कॅनमध्ये होतं ते. वाटाण्याएवढं. आणि मी ते बघत बसलो आणि मागे डिस्क किंचाळली.

तेव्हा वीज तोडायची असते. रोजचं काम आहे माझं, झोपेतसुद्धा हात जाईल. मी नाही तोडली. म्हटलं, एक रविवार तरी वाचेल, एक — आणि वीस मिनिटं ती तशीच फिरत ठेवली. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याला दुकानातून हाकलला असता. मग उघडली. प्लेट आरपार दिसत होती. काच. खालचे स्क्रू दिसत होते तिच्यातून. जाळी काळी झाली होती. ती जाळी आहे माझ्याकडे, डबीत, त्या वरच्या खणात. टाकवत नाही. काय टाकू? त्रेचाळीस रविवार आहेत तिच्यावर.

बायकोला? काय सांगणार. सांगितलं, पार्ट मिळत नाही. तिच्यासारखी दुसरी डिस्क मिळाली की निघेल सगळं, धीर धर. सहा वर्षं झाली. तिनं मॉडेलचा नंबर पाठ केलाय, चौदा आकडी, देवाचं नाव घ्यावं तसा म्हणते. रोज दीडला डबा घेऊन येते आणि पहिली नजर या टेबलावर. आणि त्या मॉडेलच्या डिस्का खंडीभर विकल्या होत्या हो. त्या कपाटात, खालच्या फळीवर, फडक्याखाली अकरा आहेत. तुमची बारावी.

हो. तेच मॉडेल. म्हणून म्हटलं लेबल खाली. तिला जवळचं वाचायला चष्मा लागतो आणि तो ती घरी विसरते, त्यावर निभावलंय आजवर. वाईट वाटतं? मलाही वाटतं. पण ती अजून वाट बघतेय, म्हणजे तिच्यापुरती पोर अजून बोलायची आहे. ते मी कसं काढून घेऊ तिच्याकडून? आणि सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल. सहा मिनिटांत मी काय काढलं, तेही.

लिहिलंत? बघू. वडील दाढी करताना गुणगुणायचे, ते. किती आहे, दोनच मिनिटं? छान. हेच आधी काढतो. शब्द देतो, बाकी कशाला हात लावणार नाही. गुरुवारी या, तीननंतर. तीननंतरच हं, दीडच्या सुमाराला नको — किती वाजले? जिन्यावर कोण आहे? जरा तो कागद टाका तिच्यावर, लवकर, तो मोठा —

ये. आज लवकर? हो, जेवतो ना, ठेव तिकडे. या गिऱ्हाईक आहेत, निघाल्याच आहेत. ते काही नाही गं, त्यांचंच सामान आहे, कागद राहू दे त्यावर. अगं, उलटू नकोस ती, नाजूक — नाही गं. तो नंबर नाही. पहिले आकडे तसेच वाटतात, शेवटचे दोन वेगळे आहेत बघ, शेवटचे —

चष्मा आणलायस आज.

ताई, तुम्ही या आता.