बॉनेटवरचा चहा

शेलूबाजारला एस.टी.च्या मोटरीची वाट बघत आम्ही रांगेत उभे होतो. समोर जगदेवराव आणि त्यांची बायको रुख्मिणीबाई यांची सेकंडहँड, उघडी, दोनच माणसांची शर्यतीची गाडी जागच्या जागी थरथरत होती. ती किती हलते ते दाखवायला रुख्मिणीबाईंनी बॉनेटवर काठोकाठ भरलेला चहाचा कप ठेवला होता.

"सांडला पाहा! आसेगावहून लेक आणाची हाये बाळंतपणाले. अशा गाडीत बसवान तिले?"

"अवं, रेस दिली का बराबर चालते."

"आन उभी राह्यली का हिव भरते. कुठून तरी हवा घेऊन राह्यली."

"तुले काय समजते इंजिनातलं?"

"चूल समजते. हॉटेलवाले भाऊ, तुमची फुकणी द्या जरा."

"आता फुकणी कायले?"

"कानाले लावतो. थांबा... हं, या रबरी नळीत सूं सूं होऊन राह्यलं. चीर हाये. सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळा इथं."

"आवळली."

"दुसरा चहा ठेवा."

"हालत नाही वं!"

"मंग जा, आणा लेकीले."

"चाल, बस."

"मी बसली तर येताना लेक कुठं बसन? टपावर म्हणान, तर टप बी नाही."

"अरे देवा! मंग तू?"

"मी मोटरीनं घरी जातो. हळू चालवा."

गाडी गेली. रुख्मिणीबाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, मोटर कवा येईन? लेकीच्या आंधी घरी पोचा लागते. दारात भाकरतुकडा मलेच ओवाळ्याचा हाये."

कालची मोटर अजून आली नव्हती. मी त्यांना माझ्या पुढे घेतलं.